बाईंचा शनिवार

शनिवार, दुपारचे चार. नववीत असताना माझ्या मैत्रिणी या वेळेला एकतर क्लासला असायच्या, नाहीतर पाणीपुरीच्या गाडीवर. मी शेजारच्या बाईंच्या ओसरीवर बसून मोठ्याने बायबल वाचत असायचे. मी ख्रिस्ती नाही. आमच्या देवघरात विठोबा आहे आणि आजी दर एकादशीला साबुदाणा भिजवते. तरी मत्तयच्या शुभवर्तमानातली वंशावळ मला आजही बरीचशी पाठ आहे. शल्तीएल, जरुब्बाबेल, अबीहूद, एल्याकीम... मध्यरात्री उठवून विचारा.

बाई या पावसाळ्यात गेल्या. पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या. नगरमधल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण बाई शेवटपर्यंत ‘नगर’च म्हणाल्या) एका मुलींच्या शाळेत त्यांनी १९६४ ते १९९८ अशी चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. घरच्यांच्या इच्छेनुसार नाव लिहीत नाही. तसंही गल्लीत त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं. नुसतं ‘बाई’ म्हटलं की रिक्षावालासुद्धा बरोबर दारात आणून सोडायचा.

माझी आई त्यांची विद्यार्थिनी. सातवीत निबंधात ‘आणि’ शब्दातला ‘णि’ दीर्घ काढला म्हणून बाईंनी तिच्या हातावर पट्टी मारली होती. आई आज सत्तेचाळीस वर्षांची आहे, पण बाई समोरून आल्या की पदर नीट करायची आणि उगाचच घाबरल्यासारखी हसायची. तर या बाईंच्या तावडीत मी सापडले ती होळीच्या दिवशी. पुरणपोळ्या द्यायला गेले, तर त्यांनी विजेचं बिल हातात दिलं. म्हणाल्या, ‘वाच गं जरा, शेवटची तारीख काय आहे?’ मी वाचलं. मग पोस्टाचं पत्र. मग पेपरातली एक बातमी. दुसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. जूनपर्यंत रोजचं ठरून गेलं : शाळेतून आलं की अर्धा तास पेपर, बदल्यात दोन नानकटाया.

त्यांच्या डोळ्यांमागचा पडदा खराब झाला होता. या आजारात कडेचं दिसतं, मधलं जातं. म्हणजे बाईंना दार दिसायचं, पायरी दिसायची, अंगणातलं मांजर दिसायचं. पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही आणि अक्षरं तर अजिबात नाहीत. चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नसतो. त्यामुळे त्या भाजी आणायला जात, चर्चला जात, आणि कुणाला काही कळत नसे. आवाजावरून माणूस ओळखायचा. समोरचा बोललाच नाही, तर आपणच आधी ‘सलाम’ म्हणायचं, म्हणजे तो बोलतो. ही युक्ती त्यांनी मला सांगितली तेव्हा मी खूप हसले होते. त्या हसल्या नाहीत.

शनिवारचं प्रकरण वेगळं होतं आणि ते आमच्या दोघींतलं गुपित होतं.

बाईंच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायची पाळी असते. महिन्याची यादी लागते : अमुक रविवारी अमुक. तिथे उभं राहून वाचणाऱ्या पहिल्या बायकांपैकी बाई एक. त्याआधी पाळी पुरुषांचीच असे, आणि ‘आम्हाला का नाही?’ हा प्रश्न त्यांनी बैठकीत विचारला होता. मिळालेली ती जागा त्यांना सोडायची नव्हती. म्हणून शनिवारी मी उतारा वाचायचे आणि त्या तो पाठ करायच्या. रविवारी त्या पुलपिटावर जायच्या, बायबल उघडायच्या, चष्मा सारखा करायच्या आणि न दिसणाऱ्या पानाकडे बघत शब्द न शब्द ‘वाचायच्या’. साधारण बरोबर पान उघडावं म्हणून मी तिथे नाताळचं एक जुनं कार्ड घालून ठेवायचे.

पाठ करायची त्यांची पद्धत अशी. पहिल्यांदा मी सलग वाचायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. दुसऱ्यांदा त्या श्वास लावायच्या. ‘इथे थांब. नाही, इथे नको, वाक्य तुटतं. पुढच्या शब्दानंतर.’ तिसऱ्यांदा त्या म्हणायच्या आणि मी पुस्तकात बघून चुका धरायच्या. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या बाईंच्या चुका धरायला मिळतात म्हटल्यावर मी काय सोडते! पण फार मिळायच्याच नाहीत. त्यांना नवं, सोपं केलेलं भाषांतर आवडायचं नाही. जुनंच हवं. ‘सोपं म्हणजे सपाट नव्हे’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या डिसेंबरात मत्तयचा पहिला अध्याय त्यांच्या वाट्याला आला. नाताळच्या तोंडावर ही वंशावळ वाचतात. अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, तिथून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. नुसती नावं. मी वैतागले. म्हटलं, ‘बाई, ही यादी आहे, यात काय वाचायचंय?’ त्या म्हणाल्या, ‘हजेरीपट पण यादीच असते. मी रोज साठ नावं घ्यायचे. एखादीचं नाव चुकीचं उच्चारलं की दिवसभर तोंड पाडून बसायची.’ मग त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, यात बायका किती आल्या मोज. मी मोजल्या. तामार, राहाब, रूथ, शेवटी मरीया. ‘अजून एक आहे,’ त्या म्हणाल्या. मला सापडेना. मग सापडली : ‘उरीयाची बायको’. तिचं नावच दिलेलं नाही. ‘बथशेबा,’ बाई म्हणाल्या. ‘वाचताना तिच्यापाशी अर्धा श्वास जास्त थांबायचं. लोकांना कळत नाही का थांबले ते. पण थांबायचं.’

आता मी मास कम्युनिकेशन शिकले, इंटर्नशिप करते, व्हॉइस ओव्हरच्या वर्गात ‘पॉज’वर एक अख्खं लेक्चर झालं. ते ऐकताना मला सारखं वाटत होतं, हे तर मी ओसरीवर शिकलेय.

वाचनाचं एवढं काय? हे मी त्यांना एकदा विचारलं. उत्तरात त्यांच्या आईची गोष्ट आली. आई राहुरीकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. मिशनच्या काळात ‘बायबल बाई’ असायच्या, म्हणजे घरोघर, वस्तीवर जाऊन बायकांना वाचून दाखवणाऱ्या आणि जमलं तर अक्षरं शिकवणाऱ्या बायका. अशा एका बाईकडून त्यांची आई लग्नानंतर वाचायला शिकली. पण मनातल्या मनात वाचणं तिला कधी जमलं नाही. ती मोठ्यानेच वाचायची, किराणाच्या पुडीचा कागद असला तरी. सासूला वाटायचं सून भांडतेय. ‘माझ्या आईला मनात वाचणं म्हणजे चोरून खाणं वाटायचं,’ बाई म्हणाल्या. ‘आलंय तर सगळ्यांना ऐकू जाऊ दे.’

नगरच्या मुलांना हा इतिहास शाळेत नीट सांगत नाहीत, याचा बाईंना राग होता. आता मलाही आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झालं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये इथेच निघालं. सिंथिया फरार नावाची अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली, १८३९ मध्ये नगरला, आणि इथे मुलींना शिकवत राहिली. ती वारलीही इथेच, १८६२ मध्ये. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याआधी ते नगरला येऊन फरारबाईंची शाळा बघून गेले होते. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं त्यातही फरारबाईंचं नाव येतं. बाई हे वर्गात सांगायच्या आणि पुढे म्हणायच्या, ‘पुस्तकात नाहीये. परीक्षेला येणार नाही. लिहून घ्या.’ आईच्या जुन्या वहीत ते खरंच लिहिलेलं आहे, वर लाल शाईत ‘परीक्षेला नाही’ असंही!

लक्ष्मीबाई टिळक तर त्यांच्या घरातलीच कुणीतरी असल्यासारख्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे लक्ष्मीबाईंनीही. लक्ष्मीबाई अक्षरं शिकल्या त्या लग्नानंतर, आणि त्यांनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीतल्या सगळ्यात चांगल्या आत्मचरित्रांत मोजतात. अर्धवट राहिलेलं टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुरं केलं. बाई ‘स्मृतिचित्रे’ वर्गात वाचून दाखवायच्या तेव्हा सोवळ्याओवळ्याच्या प्रसंगांना मुली खो खो हसायच्या. त्या हसू द्यायच्या, आणि मग एकदम आवाज खाली आणायच्या. आई सांगते, वर्ग असा गप्प व्हायचा की बाहेरच्या नळाचं टपटप ऐकू यायचं.

असं सगळं लिहिलं की माणूस गोड वाटायला लागतो. बाई गोड नव्हत्या. पट्टीचं वर सांगितलंच. कॉपी करताना सापडलेल्या एका मुलीला त्यांनी आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि ती मुलगी पुढे शाळाच सोडून गेली. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, आवाजात काही चढउतार न आणता. ‘खोटं चालवून घेतलं नाही मी. पण ती परत आली नाही.’ अंत्यविधीच्या दिवशी त्यांचा मुलगा मला म्हणाला, ‘आमच्या शाळेच्या गॅदरिंगला आई एकदाही आली नाही. कारण डिसेंबरात ती चर्चच्या पोरांचं नाताळचं नाटक बसवत असायची. मेंढपाळांची फडकी शिवत असायची.’ तो कडवटपणे नाही बोलला. पण साठीला आलेल्या माणसाला ते अजून आठवतंय, म्हणजे काय ते समजा.

आणि म्हणूनच शनिवारचं आमचं गुपित बाईंना आतून खात होतं. मला तेव्हा ते कळलं नाही. मला वाटायचं, काय मस्त चाललंय! एखाद्या सिनेमासारखं.

२०१८ची दिवाळी झाली होती, मी दहावीत. त्या रविवारी त्यांच्याकडे हंगामाचा सण होता. तुम्ही हा कधी पाहिला नसेल तर एखाद्या मराठी ख्रिस्ती मित्राला गाठा आणि जाच. मंडळी आपापल्या घरचं, शेतातलं पीक देवाला अर्पण म्हणून आणतात. चर्चच्या पुढच्या भागात ज्वारीची कणसं, उसाची मोळी, भोपळे, केळीचे घड, अंड्यांची टोपली, घरी केलेली चकली, आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो प्रवचनाच्या नेमक्या गंभीर क्षणी ओरडतो. उपासना संपली की अंगणात या सगळ्याचा लिलाव होतो. दहा रुपयांची लिंबं पाचशेला जातात, कारण पैसे चर्चला जाणार असतात आणि शेजाऱ्याने चारशे म्हटलेले असतात. बाईंनी मला खास लिलाव बघायला बोलावलं होतं. मी शेवटच्या बाकावर बसले.

त्या दिवशी शास्त्रपाठाची पाळी बाईंची. आम्ही लूकचा पंधरावा अध्याय तयार केला होता, त्यातला हरवलेल्या नाण्याचा दाखला. दहा नाण्यांतलं एक हरवतं म्हणून एक बाई दिवा लावते, घर झाडते, सापडलं की शेजारणींना बोलावते. बाईंचा आवडता. त्यातला झाडू त्यांना फार आवडायचा. पण प्रवचनाला बाहेरगावचे पाळकसाहेब आले होते. त्यांनी आयत्या वेळी सांगितलं, आज सणाला शोभेल असा दुसरा उतारा घेऊ या. कुठला ते सांगितलं आणि बाईंकडे बघून मान हलवली. बाई तोवर पुलपिटापाशी पोचल्या होत्या.

त्यांनी बायबल उघडलं. माझं कार्ड होतं तिथेच. हात कार्डावर ठेवून त्या उभ्या राहिल्या. मला वाटतं अर्धा मिनिट गेलं असेल. माझे तळहात घामाने ओले झाले. मी उठून पुढे जावं, त्यांना काहीतरी निमित्त काढून बाहेर आणावं, असं सगळं डोक्यात आलं आणि मी जागची हलले नाही. कोंबडासुद्धा गप्प.

मग बाईंनी पुस्तक मिटलं. वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, ‘हा उतारा मला पाठ नाही. आणि वाचता मला दीड वर्षापासून येत नाही.’

कुणीच काही बोललं नाही. तेव्हा त्यांनीच पुढच्या बाकाच्या दिशेने हाक मारली. तिथे दहावीतला एक मुलगा बसायचा, आवाजावरून त्यांना जागा माहीत. ‘ये रे, तू वाच. सावकाश.’ तो आला, लालबुंद होऊन वाचायला लागला आणि तिसऱ्याच ओळीत अडखळला. बाई जागेवर जाऊन बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, ‘परत. वाक्याच्या सुरुवातीपासून.’ आणि अख्ख्या चर्चमध्ये कुणीतरी फस्सकन हसलं, मग दोघं-तिघं, मग पाळकसाहेबही.

हसण्यावर भागलं नाही, हेही सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात कमिटीतल्या एकाचं म्हणणं पडलं की देवाच्या घरात हे एक प्रकारचं नाटकच झालं. दुसरे म्हणाले, अहो या वयात एवढं पाठ होणं हीच देणगी आहे. शेवटी यादीतून बाईंचं नाव गेलं. मला एवढा राग आला होता की मी पेपर वाचायला बसले आणि एक अक्षर वाचलं नाही. म्हटलं, ‘तुम्ही भांडत का नाही? तुम्ही बायकांसाठी भांडला होता ना?’

‘तेव्हा मी खरी होते,’ त्या म्हणाल्या. ‘तुलाही दीड वर्ष खोटं बोलायला लावलं. त्या कॉपीवाल्या मुलीला मी आठवडाभर उभं केलं होतं.’

मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. दुसऱ्याच्या पेपरात बघून लिहिणं आणि न दिसणाऱ्या पानावरचं मनाने म्हणणं, यात फरक आहे. मी वाद घातला. त्यांनी ऐकून घेतला आणि शेवटी म्हणाल्या, ‘मुद्दा बरा मांडलास. पण “मनस्थिती” नाही म्हणायचं, “मनःस्थिती”.’

त्यानंतरच्या शनिवारी चार वाजता मी ओसरीवर गेले, तर तो दहावीतला मुलगा आधीच येऊन बसला होता. पुढच्या शनिवारी त्याची चुलत बहीण. मग अजून तिघं. बाईंनी यादीतल्या जागेसाठी भांडण केलं नाही, ती जागा भरायला पोरं तयार केली. २०१९ उजाडलं तेव्हा तिथे सहा मुलं मोठ्याने वाचायला शिकत होती. त्यातली एक आमच्याच गल्लीतली मुसलमान मुलगी होती, जिला बायबलशी काही देणंघेणं नव्हतं, तिला वक्तृत्व स्पर्धा जिंकायची होती. (जिंकली. तालुक्याला.) तिला बाई ‘स्मृतिचित्रे’ वाचायला द्यायच्या. नानकटाईचा खर्च वाढला म्हणून माणशी एकच मिळायला लागली. मी निषेध नोंदवला होता.

रविवारी त्या पहिल्या बाकावर डोळे मिटून बसायच्या. मुलं सांगतात, पुलपिटावर उभं राहिलं की पानापेक्षा बाईंच्या बोटांकडे लक्ष असायचं. श्वास जिथे घ्यायचा तिथे त्यांचं बोट मांडीवर किंचित उचललं जायचं.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. चर्चही. बाईंना मोबाइलवरच्या उपासनेचं सुरुवातीला काही समजेना. मग मुलं आपलं वाचन रेकॉर्ड करून पाठवू लागली. बाईंना बटणं दिसत नसत, म्हणून ते ऐकवायचं काम माझं. मी अंगणाच्या भिंतीपलीकडे स्टूलवर उभी राहून मास्क लावून फोन धरायचे, त्या अलीकडे खुर्चीत. एकेक रेकॉर्डिंग तीनदा. मग निकाल : ‘याला सांग, घाई झाली.’ ‘हिला सांग, छान, पण श्वास कुठंय?’ त्या वर्षात मंडळीतली काही माणसं गेली. अंत्यविधीला मोजकेच जण जाऊ शकत होते. घरी बसून बाई त्या त्या माणसासाठी एक गीत म्हणायच्या. भिंतीपलीकडे मला ऐकू यायचं. ‘उपासना संगीत’ हे त्यांचं गीतांचं पुस्तक त्यांना जवळजवळ सगळं पाठ होतं. नुसता क्रमांक सांगा, चाल आणि शब्द हजर.

बारावीनंतर मी पुण्याला गेले. आधी दर सुट्टीत जायचे ओसरीवर, मग एका आड एक. गेल्या दिवाळीत त्यांनी विचारलं, ‘पेपरात काम करतेस म्हणे. काय लिहितेस?’ मी म्हटलं, ‘सध्या दुसऱ्यांचं टाइप करते.’ त्या म्हणाल्या, ‘बरं आहे. आधी ऐकायला शीक.’ मी म्हटलं, उन्हाळ्यात येते, तुमच्यावरच लिहिते, सगळं रेकॉर्ड करून घेते. उन्हाळ्यात माझं प्रोजेक्ट होतं.

अंत्यविधीच्या आधी कुठली गीतं घ्यायची यावर घरात खल चालला होता. सूनबाईंनी बाईंचं जुनं ‘उपासना संगीत’ काढलं. त्यात गीतांच्या कडेला, डोळे जाण्याआधीच्या काळात, पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी होत्या : कुणाच्या अंत्यविधीला हे म्हटलं, कुणाच्या लग्नाला, कोणत्या साली. काही पानांवर सात-सात नावं. सगळ्यांना आवडणारं एक गीत घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. ते पान उघडलं तर कडेला लिहिलेलं होतं : ‘सूर फार उंच. म्हाताऱ्यांना झेपत नाही. माझ्या वेळी नको.’

घरात पहिल्यांदाच हसू फुटलं. दुसरं गीत घेतलं.

शास्त्रपाठ त्या दहावीतल्या मुलाने वाचला. तो आता सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो, रात्रपाळी संपवून थेट आला होता. लूक, पंधरावा अध्याय. दिवा, झाडू, नाणं. एका ठिकाणी त्याचा आवाज अडकला. तो थांबला, आणि वाक्याच्या सुरुवातीपासून परत वाचलं.

बायबल मुलगा पुण्याला घेऊन गेला. निघताना गाडीची काच खाली करून त्याने त्यातलं नाताळचं कार्ड काढलं आणि मला दिलं. त्यावर गव्हाणी आहे, तीन मेंढपाळ आहेत, आणि कोपरे पार मऊ पडलेत.